हान्झलची खुर्ची

"आत ये की! दाराला टेकू द्यायला ठेवलंय का तुला?" पेशेक ओरडला.

रोस्त्या उंबऱ्यातच घोटाळत होता. प्रागमधल्या 'तीन घुबडं' या पाचशे वर्षांच्या बियरखान्यात त्याने एक्केचाळीस वर्षं बियरचा नळ सांभाळला होता. काल निवृत्त झाला. आज पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून आला, तर बसावं कुठे हेच कळेना. कोपऱ्यातल्या जुन्या मंडळींच्या टेबलावर जो तो आपल्या खुर्चीचा धनी. माणूस गेल्याशिवाय ती रिकामी होत नाही.

भिंतीवर नव्या मालकाने इतिहासाची पाटी लावली होती. दोन आगी, तीन पूर, इथे बदक खाऊन गेलेला एक सेनापती. नळावरच्या एकाही माणसाचं नाव नव्हतं. रोस्त्याने ती काल तीनदा वाचली होती आणि खोटं कशाला बोला, त्याला वाईट वाटलं होतं.

"हान्झल गेला, त्याच्या खुर्चीवर बस," पेशेक म्हणाला. जन्मभर ट्राम चालवून त्याचा आवाज तसाच चढा राहिला होता.

"तिच्यावर तर तुझ्या मेहुण्याचा डोळा होता."

"होता. आम्ही मतं घेतली. मीसुद्धा तुलाच दिलं, आता घरी बोलणी खातोय. हान्झलच्या आधी इथे टांगेवाला कोबर बसायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. त्यांची नावं आहेत का भिंतीवर? बस, नखरे नकोत!"

रोस्त्या बसला. खुर्ची जराशी डुगडुगत होती. इतक्या वर्षांत हे त्याला कळलंच नव्हतं. नळावर आता इरेना होती. तिने ग्लास गार पाण्यात बुडवला, तिरका धरला, फेस दोन बोटं ठेवला. चूक सापडेना, म्हणून रोस्त्या थोडा हिरमुसलाच.

पहिला ग्लास संपला, दुसरा आला. तो संपला, तिसरा आला.

"अगं इरेना, हा मी कुठे मागितला?"

सगळं टेबल खो खो हसत सुटलं.

"उस्ताद," इरेना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बास झालं की ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची, नाहीतर पुढचा येतच राहतो. मला हे कुणी शिकवलं?"

सगळा जन्म दुसऱ्यांच्या चकत्या बघण्यात गेला. स्वतः ठेवायची वेळच आली नव्हती. रोस्त्या लाजला आणि सवयीने रिकामा ग्लास विसळायला उठला.

इरेनाने तो हातातून काढून घेतला. "बसा हो. या बाजूच्यांनी उठायचं नसतं."

तो परत बसला. चकती बोटांत फिरवत त्याने भिंतीवरच्या पाटीकडे एकदा पाहिलं आणि मग चकती भरलेल्या ग्लासाखाली सरकवली.