फलाहारी महाराज आणि मोरीतल्या मुंग्या

अगं, तू नुसती ऐक. मधे "हो का?" म्हणायचं नाही, नाहीतर मी सगळं विसरते.

तर फूलबागेत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मध्य भारत हे आपलं राज्य आता थोड्याच दिवसांचं सोबती, सरकारी दफ्तरं नव्या राजधानीला, भोपाळला निघालेली. निम्मे कारकून घरी सामान बांधतायत आणि उरलेले निम्मे फलाहारी महाराजांच्या रांगेत उभे! समोर हा एवढा तांब्याचा हंडा. त्यात केळी, चिकू, द्राक्षं, वरून मधाची धार, आणि दोन दाढीवाले चेले रवीनं घुसळतायत.

"बच्चा, शक्कर तो हलवाई की दुकान में होती है! फल में शक्कर कहाँ? फल में अमृत है! पियो, और सुई नाले में फेंक दो!"

आणि शेजारी स्टुलावर पुरावा म्हणून कोण बसलंय? मुकुंदराव. आपल्या शरयूचे अण्णा!

"पूछो इनसे! सात दिन में चींटी ने मुँह फेर लिया कि नहीं?"

"फेरलं, महाराज, फेरलं," अण्णा हात जोडून म्हणाले. गर्दीनं जयजयकार केला. शरयू मागे उभी होती, पदराखाली पुडी घट्ट धरून.

मुंग्यांचं काय, ते सांगते. शरयूचे आजोबा वैद्य होते. लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह, हे त्यांचं सांगणं. म्हणून अण्णांना मधुमेह निघाल्यापासून दोन वर्षं, खासगी बाजारातल्या त्यांच्या घरी रोज सकाळी, चहाच्याही आधी, शरयूची आई इंदुताई मोरीत वाकून बघायच्या. एकवेळ डॉक्टरकडे जाणं टळेल, मोरी बघणं टळायचं नाही. महाराजांनी पहिल्याच दिवशी हे अण्णांकडून बोलता बोलता काढून घेतलं, आणि रसाबरोबर भस्माची पुडी दिली. रोज तांब्याभर रस प्यायचा आणि चिमूटभर भस्म मोरीत टाकायचं. का? तर म्हणे "धरती माता को भोग."

सातव्या दिवशी मोरीत एक मुंगी नाही! अण्णा रडले गं. आजारी माणसं भोपाळला न्यायच्या कारकुनांच्या यादीत घेणार नाहीत अशी कुजबुज होती, म्हणून दोन वर्षं त्यांनी दफ्तरात आजार लपवला होता. आता बिनधास्त सगळ्यांना सांगत सुटले, कारण आता तो "होता"! पथ्य गेलं, डॉक्टर गेले. पण तहान काही जाईना. घटाघटा पाण्याचे तांबे रिकामे करायचे. आणि पायाच्या अंगठ्याची जखम तशीच ओली.

शरयूला खटकलं ते स्वयंपाकघरात. फळीवर भस्माची पुडी सांडली होती, तिथेच गुळाचा डबा. त्या डब्याला बारा महिने मुंग्यांची माळ असायची. ती गायब.

"आई, अण्णांची साखर गेली, समजू. पण गुळातली कशी गेली?"

"चल, काहीतरीच!" इंदुताई म्हणाल्या खऱ्या, पण वळून डब्याकडे बघत राहिल्या.

शरयूनं पुडी हुंगली. हा वास ओळखीचा! मलेरियावाले येऊन भिंतींवर पांढरं डीडीटी मारून गेले होते ना, अगदी तोच. राखेत डीडीटी. बस्स! एवढंच अमृत.

ती अण्णांना हाताला धरून डॉक्टर जयसिंहरावांकडे घेऊन गेली. त्यांनी नळीत निळं औषध घेतलं, लघवीचे थेंब टाकले, उकळलं. रंग विटेसारखा लाल.

"मुकुंदराव, साखर दुप्पट झालीय."

"पण फळं तर चांगली असतात ना?"

"फळ चांगलं. तांब्याभर रस म्हणजे दहा फळांची साखर तीन घोटांत, वर मध! अर्धा पेरू सालीसकट चावून खा. घुसळूनच हवा असेल तर तेवढाच पेरू ताकात घुसळा, न गाळता, मधाशिवाय, आणि त्या दिवशी पोळी अर्धी कमी करा. पळवाट नाही."

घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले, "शरू, घरातली गोष्ट घरात राहू दे. सोमवारी यादी लागते, तोवर मी बरा झालोय असंच लोकांना वाटू दे. चारच दिवस."

आणि शरयू हो म्हणाली होती गं! पण दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या लीलाताई भेटल्या. त्यांची अकरा वर्षांची मुलगी रोज इन्सुलिनच्या सुईवर. "उद्यापासून सुई बंद," लीलाताई हसत म्हणाल्या, "तुझ्या अण्णांना बघून हिंमत आली बघ." शरयू तशीच डॉक्टरांकडे धावली. ते म्हणाले, "त्या पोरीची सुई थांबली तर आठवडा निघणार नाही."

म्हणून ती फूलबागेत होती. अण्णांना न सांगता.

हंड्याजवळच्या कट्ट्यावर मुंग्यांची ओळ चाललेली होती. तिनं गुळाचे दोन खडे ठेवले. एक तसाच. दुसऱ्याभोवती भस्माचं कडं.

"ए लडकी, ये क्या तमाशा है?"

"तमाशा नहीं, महाराज, भोग है. आपका ही भस्म है."

लोक हसले. महाराज पुन्हा अमृतावर सुरू झाले, पण डोळा कट्ट्यावर. पाव तासात पहिला खडा काळाभोर झाला. दुसऱ्याकडे ज्या मुंग्या गेल्या त्या कड्यावरच तडफडून उलट्या पडल्या.

शरयूनं त्या दुसऱ्या खड्याकडे बोट केलं. "बोलो महाराज, इस गुड़ का भी मधुमेह ठीक हो गया? हे भस्म नाही, डीडीटी आहे! मुंग्या मरतात, साखर मरत नाही. लीलाताई, सुई बंद करू नका!"

"बदतमीज! नास्तिक छोकरी!" एक चेला अंगावर आला. कुणीतरी ओरडलं, "अरे, इसके बाप से पूछो!"

सगळ्या माना स्टुलाकडे. रांगेत अण्णांच्या दफ्तरातले तिघेजण उभे होते. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग शरयूकडे, मग लीलाताईंच्या पोरीकडे. ती रसाचं मातीचं कुल्हड ओठांपाशी नेत होती.

ते उठले. लंगडत गेले आणि तिच्या हातातून कुल्हड काढून घेतलं.

"पोरगी खरं बोलतेय," ते म्हणाले. "मला मधुमेह 'होता' नव्हे, 'आहे'. काल तपासलाय."

महाराज संध्याकाळच्या आत हंड्यासकट पसार. लीलाताईंची पोर वाचली. पण अण्णा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले, आणि सोमवारच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. का नव्हतं, ते कुणी सांगत नाही.

मी एवढंच म्हणते, चमत्कार दिसला की एकदा तरी तो गुळावर करून बघावा. दुसऱ्याला सांगायच्या आधी, सुई फेकायच्या आधी. त्याला काय लागतं, एक खडा आणि पाव तास.

पण शरयू कालपासून मला एकच विचारतेय, "मी चुकले का?" चार दिवस गप्प राहायचं अण्णांना कबूल केलं होतं तिनं. तू सांग ना. तू काय केलं असतंस?