डावीकडून पिवळा, उजवीकडून निळा

मी मालगाडीचं इंजिन बोलतोय. पण थांबा, आधी सांगा, तुम्ही माझ्या कुठल्या अंगाला उभे आहात? डावीकडे असाल तर म्हणाल, वा, काय झकास पिवळा आहे! उजवीकडे असाल तर म्हणाल, पिवळा कसला, चांगला निळाशार आहे. भांडू नका. दोघंही खरं बोलताय. याच गोष्टीपायी दोन भल्या घरांत वितुष्ट आलं होतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

जन्माने मी राखाडी. माझी सगळी भावंडंही तशीच, घासून ठेवलेल्या पातेल्यांसारखी. मग वरून हुकूम आला : इंजिनांना नजरेत भरेल असा रंग द्या, पण आधी एकाला लावून बघा. गिऱ्हाइकाला कापडाचा तागा उलगडून दाखवतात ना, तसा मी पुढे ओढला गेलो.

रंग ठरवायचा होता दोन साहेबांनी. एक मालसाहेब, डबे कुठे न्यायचे ते बघणारे. दुसरे यंत्रसाहेब, आमच्या दुखण्याखुपण्याचे मालक. मालसाहेबांना पिवळा हवा, यंत्रसाहेबांना निळा. आणि हे दोघे एकमेकांचे व्याही! यंत्रसाहेबांची लेक मालसाहेबांची सून. आता मला सांगा, मुलाकडचा माणूस कधी नमतं घेतो? आणि यंत्रसाहेब नोकरीत ज्येष्ठ, ते तरी का घेतील?

"पिवळ्याने इंजिनाला कावीळ झाल्यासारखं वाटेल, व्याहीबुवा."

"आणि निळ्याने हुडहुडी भरल्यासारखं!"

शेवटी कारखान्याच्या फोरमनने तोड काढली. डावी बाजू पिवळी, उजवी निळी. दोन्ही बघा आणि काय ते ठरवा. रंगाऱ्याने माझ्या नाकावर मधोमध सुतळी धरून रेघ मारली. एक गाल या व्याह्यांचा, एक त्यांचा.

ठरलं काहीच नाही. उलट माझ्यासमोरच जुंपली आणि बोलणं बंद झालं. दोघांची घरं आणि कचेऱ्या रुळांच्या दोन अंगांना, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पण सुनेचं माहेर तुटलं. तिला दिवस गेलेले, आईजवळ चार दिवस राहावं एवढीच तिची इच्छा. मालसाहेब म्हणाले, "आधी तुझ्या बाबांना म्हणावं, रंगाचं कबूल करा."

एके दिवशी ती कारखान्यात आली.

"फोरमनकाका, दोघांनाही जिंकवता नाही का येणार?"

फोरमन हात पुसत हसला. "जिंकलो असं वाटलं म्हणजे झालं की, पोरी!"

दुसऱ्या दिवशी तो दोघांकडेही वेगवेगळा जाऊन आला. बोलणं मात्र एकच. "अभिनंदन, साहेब! व्याह्यांनी माघार घेतली. पूर्ण इंजिन तुमच्या रंगाचं झालंय. फक्त त्यांच्यापुढे विषय काढू नका. हरलेल्या माणसाला लागतं."

तुम्ही म्हणाल, अशी थाप किती दिवस टिकणार? टिकली. त्याचं कारण माझी चाल. आमच्याकडे इंजिन वळवायची सोयच नव्हती. खाणीकडे जाताना मी तोंड पुढे करून जायचो, येताना तसाच पाठमोरा परतायचो. त्यामुळे मालसाहेबांच्या खिडकीला कायम माझा पिवळा गाल, यंत्रसाहेबांच्या खिडकीला कायम निळा. साहेब लोक मोटारीने लांबच्या पुलावरून जाणारे, रुळावर उतरतात कशाला! बाकीची इंजिनं रंगवायचं काम नेहमीप्रमाणे पुढच्या वर्षावर गेलं. आणि लेक मात्र रूळ ओलांडणाऱ्या पायवाटेने माझ्या नाकासमोरून खुशाल ये-जा करू लागली. जाताना माझ्याकडे बघून गालात हसायची.

मग खाणीपाशी नवा गोल रूळ पडला. पहिल्यांदाच मी वळसा घालून, तोंड पुढे करून घरी आलो, आणि नेमका दोन कचेऱ्यांच्या मध्ये सिग्नलला थांबलो.

एका खिडकीत मालसाहेबांचा चहा सांडला. दुसरीत यंत्रसाहेबांचा चष्मा घसरला. दोघे दोन्हीकडून तरातरा पायवाटेवर आले ते थेट माझ्या नाकासमोर.

"चोरून रंग बदललात?"

"मी? तुम्हीच..."

आणि दोघांची नजर वर, रेघेवर गेली. फोरमन माझ्या चाकाआड बसून नसलेला बोल्ट आवळत होता. मी मनात म्हटलं : आता पुन्हा राखाडी, आणि पोरीचं माहेर पुन्हा बंद.

"म्हणजे तुम्ही हरला नव्हतात?" मालसाहेबांनी विचारलं.

"छे! तुम्ही?"

"मुळीच नाही! मग इतके दिवस तुम्ही माझ्याशी गोड का वागत होतात?"

"कीव येत होती तुमची!"

"मलाही तुमची!"

तेवढ्यात लेक पोराला कडेवर घेऊन पायवाटेने आली. "बाबा, मामंजी, जरा बाजूला व्हा. आईकडे निघालेय, उशीर होतोय."

आधी मालसाहेब हसले, मग यंत्रसाहेब, आणि बऱ्याच वेळाने, खात्री करून, फोरमन.

रंग राहिला. आता प्रत्येक खेपेला मी वळतो. एका खेपेला या खिडकीत पिवळा, पुढच्या खेपेला निळा. दोघं व्याही संध्याकाळी रुळापाशी गप्पा मारतात. परवा मालसाहेब म्हणाले, नाकावर निळा दोन बोटं जास्त आलाय. रंगाऱ्याला सुतळी घेऊन बोलावलंय.

माझा सिग्नल पडला, निघतो. जाता जाता एवढंच मागणं : माझ्या रंगावरून कुणाशी हुज्जत घालायची झाली, तर आधी एकदा समोर येऊन बघा. पण मी उभा असताना!