वाट सांगताना

बाबांचे फोटो पाहून त्यांना कोणी छायाचित्रकार म्हटलं नसतं. ते कोकणात फिरले, घाटावर फिरले, एकदा थेट हंपीला जाऊन आले, आणि दर वेळी घेऊन आले ते पायऱ्यांचे, उंबऱ्यांचे, झाडांच्या मुळांचे फोटो. देवळाच्या शिखराचा एकही नाही. ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिला चांगला कॅमेरा घेतला, तेव्हा दुकानदार पक्ष्यांसाठी मोठी लेन्स दाखवू लागला. बाबा म्हणाले, पक्षी माझ्या कामाचे नाहीत.

त्यांचं काम वेगळं होतं. ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या काही जणांचा एक गट आहे. हे लोक दरवर्षी एकत्र सहलीला जातात. बाबा त्यांचे स्वयंसेवक, सगळ्यांचे काका. ते आधी एकटे जाऊन सगळी वाट टिपून आणायचे, आणि सहलीआधीच्या बैठकीत एकेक फोटो बघत ती सांगायचे. इथे चौकट बुटकी आहे, डोकं वाकवा. इथे मूळ आडवं आलंय, पाय उचला. ऐकणारे वाट पाठ करायचे आणि तिथे गेल्यावर कोणाचाही हात न धरता चालायचे. हात धरून नेणारे घरी पुष्कळ असतात, असं नंदाताई म्हणायच्या. नंदाताई ठाण्यातल्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर, आणि गटातली सगळ्यात तिखट जीभ त्यांची.

या वर्षी गटाने मुरबाडच्या पुढचा एक लहान किल्ला ठरवला होता. त्यांच्यातलं कोणीच आजवर गड चढलेलं नव्हतं. बाबा डिसेंबरात जाऊन फोटो काढून आले. जानेवारीत, झोपेतच, ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर गटाच्या अध्यक्ष प्रमोदिनी मॅडम भेटायला आल्या. गडाचं आता रद्दच करू, सगळ्यांना टिटवाळ्याच्या गणपतीला नेऊन आणू, असं त्या हळुवारपणे म्हणाल्या. मी म्हणाले, फोटो आहेत, वाट मी सांगते. असं का म्हणाले ते मला नीट सांगता येणार नाही. बाबांनी शेवटचं हातात घेतलेलं काम टिटवाळ्याला संपू नये, एवढंच वाटलं. मॅडमनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, ठीक आहे, पण गटाचा तुझ्यावर विश्वास बसला तरच. आणि एकाला जरी काही झालं, तरी गडाचं नाव पुन्हा निघणार नाही.

बैठक डोंबिवलीतल्या एका शाळेच्या वर्गात होती. मी पहिला फोटो उघडला आणि म्हणाले, कातळावर सकाळचं कोवळं ऊन पसरलंय.

"ऊन राहू दे," नंदाताई म्हणाल्या. "पाय कुठे ठेवायचा ते बोल."

"ऊन आम्हाला कळतं ना ताई, डोक्यावर लागतं," आनंदा म्हणाला. त्याचा विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर चिक्की-वेफर्सचा स्टॉल आहे. सगळा वर्ग हसला.

वर्णनं करायला मी ज्या पुस्तकांतून शिकले, त्यांतल्या एकाचाही तिथे उपयोग नव्हता. एकेका फोटोला दहा प्रश्न येत. दगड सुटा आहे का, पायरी पाऊलभर आहे की अर्धी, कठडा कुठे तुटतो. आणि प्रत्येकाचं उत्तर फोटोत असायचंच. बाबांनी गुडघ्यावर बसून, पायरीला डोळा लावून ते काढले होते. मी दिसेल तेवढंच सांगू लागले आणि हळूहळू हसणं थांबलं.

शेवटचा फोटो जरासा तिरका होता. कातळात कोरलेली एक पायरी, आणि तिच्यावर टेकवलेली बाबांची पाण्याची बाटली. त्यापुढे काही नव्हतं. बाबा तिथे दमून बसले असणार आणि तिथूनच मागे फिरले असणार. घरी त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"पुढे?" नंदाताईंनी विचारलं.

पुढचं माझ्याकडे नाही, मी जाऊन आणते, असं मी सांगितलं.

पुढच्या रविवारी मी गेले. त्या पायरीवर थोडा वेळ बसले. त्यानंतरचा टप्पा उभा आहे, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार. चढताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून कॅमेरा गळ्यातच राहिला. माथ्यावर पोचले, पाणी प्यायले, आणि उतरताना एकही पायरी न सोडता फोटो काढले. दुसऱ्या बैठकीत तो टप्पा अडखळल्याशिवाय सांगितला. आता जरा बापाची लेक वाटतेस, असं नंदाताई म्हणाल्या. गड ठरला.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बस ठाण्याहून निघाली, शीळफाट्याच्या गर्दीत नेहमीसारखी अडकली, डोंबिवली-कल्याणची माणसं घेत पुढे आली. विठ्ठलवाडीला आनंदा सगळ्यांसाठी चिक्की घेऊन चढला. पायथ्याशी नंदाताई पुढे झाल्या. प्रत्येक दोघांमागे एक डोळस स्वयंसेवक, पण हात न लावणारा. मी नंदाताईंच्या मागे.

चढण सुरू झाली तशी त्यांनी वाट म्हणायला सुरुवात केली. मूळ आडवं, पाय उचला. मागचा ते वाक्य त्याच्या मागच्याला द्यायचा, आणि ते रांगेतून खालपर्यंत उतरत जायचं. माझी वाक्यं होती ती, आणि माझ्याआधी बाबांनी पाहिलेली. दरवाजातून सगळे वाकून गेले, कोणाचंही डोकं आपटलं नाही. बाटलीची पायरी आली तेव्हा नंदाताईंनी काठी तिच्यावर टेकवली. "ही काकांची," त्या मागे म्हणाल्या, आणि तेही वाक्य रांगेतून खाली गेलं.

पुढचा टप्पा सुरू झाला. उजवीकडे कातळ, हात टेका, असं म्हणत नंदाताईंनी उजवा हात बाहेर काढला. तिथे काहीच नव्हतं.

मी त्यांचा खांदा धरला. त्यांनी हात सावकाश आत घेतला, डावा पुढे केला, कातळावर टेकवला आणि थांबल्या. रांग थांबली. खालून मॅडमनी विचारलं, काय झालं.

"संचिता," नंदाताई म्हणाल्या, "फोटो वरून काढलेस का गं?"

उतरताना काढले होते. फोटोत जे उजवं, ते चढणाऱ्याचं डावं. मी तसं सांगितलं. मॅडम वर आल्या. त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या होत्या. बस झालं, इथूनच परत फिरूया, म्हणाल्या.

"मॅडम, वाट तीच आहे," नंदाताई म्हणाल्या. "फक्त आरशातली सांगितलीय हिने. काय रे आनंदा, उलटी करता येईल ना डोक्यात?"

"कधीच केली," खालून आनंदा म्हणाला. "तुमचं चाललंय काय वर?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, सांग मग. मी उताराच्या बाजूला जाऊन पायरीच्या कडेला उभी राहिले, पाठ दरीकडे आणि तोंड माणसांकडे. एकेकाला नावाने हाक मारून त्याच्या डाव्या हाताला कातळ दिला. फोटो आता लागत नव्हता. ही पायरी अर्धी आहे, टाच बाहेर राहील, राहू दे. इथे ओलं आहे. आता मोठी उचल. प्रत्येक जण माझ्या आवाजाशेजारून वर गेला. शेवटी मॅडम गेल्या, त्यांनाही मी पायऱ्या सांगितल्या आणि त्यांनी त्या मुकाट्याने ऐकल्या.

माथ्यावर वारा होता. नंदाताईंनी चपला काढून गवतात पाय रोवले. कोणीतरी घोषणा दिली, बाकीच्यांनी असा आवाज लावला की खालच्या वाडीतली कुत्री भुंकू लागली. आनंदाने विचारलं, इथून कल्याण दिसतं का. मी सांगितलं, हवा धुरकट आहे, काहीच दिसत नाही.

"म्हणजे आज सगळे आमच्या लाइनीत," तो म्हणाला आणि चिक्की वाटू लागला.

मी सगळ्यांचा एक फोटो काढला आणि सांगितला. प्रमोदिनी मॅडमची टोपी वाऱ्याने वाकडी झालीय. आनंदाच्या तोंडात चिक्की आहे, तरी तो हसतोय. नंदाताईंची मान वर आहे. सगळ्यांच्या मागे आभाळ आहे, आणि त्यांच्याहून उंच कोणी नाही. ते शेवटचं वाक्य चाललं, कोणी अडवलं नाही.

उतरायची वेळ झाली तेव्हा मी म्हणाले की आता मी पुढे होते, सगळं पुन्हा नीट सांगते.

"काही गरज नाही," नंदाताई म्हणाल्या. "उतरताना तुझं सगळं बरोबरच आहे."

त्यांनी उजवा हात बाहेर काढला, कातळावर टेकवला, आणि माझी वाट म्हणत उतरायला लागल्या.