कमरेवरून डोक्यावर

मित्रांनो, मी एक कमरेचा पट्टा आहे. जुना दिसतो खरा, पण वय माझं जेमतेम तीन महिने. पाठीत चार ताठ पट्ट्या आणि स्वभाव कडक. वाकणं मला मुळीच खपत नाही.

चकलांब्याच्या बायनाबाईंचं मणक्याचं ऑपरेशन बीडला झालं, दुर्बिणीतून. जखम नखाएवढी. मला कमरेला बांधून त्या गावी आल्या. जखम बारीक म्हणून घरात सगळ्यांना दुखणंही बारीकच वाटलं. पण पाय ठणकायचा थांबेना. शेवटी डॉक्टरांनी मणक्याजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि बजावलं, "कळ थांबेल, पण आतलं अजून कच्चं आहे. मी सांगेपर्यंत वजन उचलायचं नाही."

चार दिवसांत कळ गेली. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली, कारण ऊसतोडीची टोळी निघायची होती. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बायनाबाईंचे नवरे पंडितराव एकटे गेले, तर अर्धाच कोयता.

"दुखतच न्हाई, तर घरी कशापायी बसू?" बायनाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

आणि त्या टोळीबरोबर गेल्याच. उसाच्या फडात दुपारी ट्रक लागला. बायनाबाईंनी मला सोडलं, गोल गुंडाळलं आणि माझी चुंबळ करून डोक्यावर ठेवली! वर उसाची मोळी. ज्या मणक्याला जपायचं, त्याच्यावरच मी ओझं टेकवत होतो. मला फार लाज वाटली.

त्या ट्रकच्या फळीवर चढल्या. एक पाऊल, दोन पावलं. फळी लवत होती. तिसऱ्या पावलाला त्या थरथरल्या.

"अवो, पाय कळंना मला!"

"चढ, दोनच पावलं ऱ्हायली," टोळीचा मुकादम ओरडला.

"टाक मोळी! टाक म्हंतो ना!" पंडितराव धावले.

मोळी पडली, मीही मातीत पडलो. पंडितरावांनी बायकोला धरून खाली बसवलं, मला झटकलं आणि सगळ्या टोळीदेखत तिच्या कमरेला बांधलं.

"अर्धा कोयता तर अर्धा," ते मुकादमाला म्हणाले. "आमी दवाखान्यात चाललो."

बीडच्या वाटेवर गेवराई मागे पडली तेव्हा बायनाबाई कण्हल्या, "अवो, पाय दुखाया लागला."

पंडितरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय जिवंत होता.

मित्रांनो, आम्ही आता डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसलो आहोत. दुखणं गप्प झालं म्हणजे मणका बरा झाला, असं समजू नका. मला मळवा, धुवा, पण डॉक्टर म्हणेपर्यंत सोडू नका. आणि डोक्यावर तर ठेवूच नका.