वेंकूबाईंची कुसुम

शांभवीला देवनागरी वाचता येत होती आणि ही गोष्ट तिने तंजावुरात कुणालाही विसरू दिली नव्हती. हिंदीच्या परीक्षा देता देता अक्षरं हाताला लागली, तेव्हापासून लग्नपत्रिका असो की चिवड्याच्या पुडीचा कागद, दिसेल ते मराठी ती मोठ्यानं वाचून दाखवायची. गल्लीत मराठी पुष्कळ घरांत बोलत, पण वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे अकरावीतल्या या पोरीचा भाव भलताच वधारला होता.

त्यात शहाण्णव साली पुण्याहून श्रीहर्षमामाने दोन पुस्तकं धाडली. 'कुसुमचा कौल' आणि 'घाटाखालची सून'. सगळ्यांच्या विस्मरणात गेलेल्या, साठ वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या आता गुळगुळीत कव्हर घालून पुन्हा छापल्या होत्या. मराठी मंडळाचे अध्यक्ष अनिरुद्धराव म्हणाले, "पुढल्या महिन्यात दोन्हींची तुलना कर. वीस मिनिटं. माइकवर." माइक म्हटल्यावर शांभवी हात सोडून सायकल चालवत घरी आली.

विस्मरणात गेल्या होत्या त्या पुण्यात. शांभवीच्या गल्लीत नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी शेजारच्या वेंकूबाई दर शुक्रवारी दुपारी आपल्या ओट्यावर बसून याच कादंबऱ्या बायकांना वाचून दाखवत. तेव्हा सतरा वर्षांची असलेली वसुमतीमावशी अजून कथा घडाघडा सांगायची.

"कुसुम शेवटी सासर सोडते," मावशी म्हणाली. "गोल टोपलीसारख्या होडीत बसून नदी ओलांडते आणि पलीकडच्या गावात पोरींना गाणं शिकवते. ते ऐकलं नसतं गे, तर मी कुठली तिरुवैयारूला जाते? सासरीच वाती वळत बसले असते." मावशीने तिरुवैयारूला तीस वर्षं गाणं शिकवलं होतं.

"आणि सून?"

"ती घाटाखाली खाणावळ काढते. तिचा पोंगल खायला लांबलांबून लोक येतात."

शांभवीने घरी जाऊन दोन्ही पुस्तकं उघडली. दोनशे बाराव्या पानावर कुसुमने विहिरीत उडी घेतली होती. सून सासूची क्षमा मागून तापाने गेली होती. आणि पोंगलचा कुठे पत्ताच नव्हता.

आता शांभवीचं डोकं फिरलं. प्रकाशकाने कादंबऱ्या मोडूनतोडून छापल्या, दुसरं काय? तिने तीन पानी पत्र लिहून कुरिअरने पाठवलं. 'तुम्ही कुसुमला मारलंत. आमच्याकडे साक्षीदार आहेत.' पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सोबत पहिल्या आवृत्तीच्या शेवटच्या पानांची झेरॉक्स. विहीर तिथेही होती. खाली सभ्य अक्षरात एक ओळ होती, 'आपल्याकडील प्रत निराळी असल्यास जरूर कळवावे.'

मग ती प्रत बघायला ती वेंकूबाईंकडे गेली. वेंकूबाई चौऱ्याऐंशीच्या, आणि केबलवरची तमिळ सीरियल साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बघत होत्या. "ट्रंकेत आहे बघ," त्या मान न वळवता म्हणाल्या.

'कुसुमचा कौल' कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्यात ठेवलेली होती. शांभवीने ती उघडली. पहिली सोळा पानं सुटी होती. पुढची सगळी कडेला एकमेकांना जोडलेली; तेव्हा पुस्तकं छापखान्यातून कडा न कापताच येत, तशीच. त्यांना कधी सुरी लागलीच नव्हती. खालच्या 'घाटाखालची सून'चीही तीच गत.

"आज्जी, ही पानं कापलेलीच नाहीत."

वेंकूबाईंनी टीव्ही बंद केला. हे क्वचितच घडे.

"कळलं तर तुला. मला मोडी येते, तमिळ येतं. ही बाळबोध अक्षरं कुणी शिकवली नाहीत. आमच्या यांनी पहिली सोळा पानं कापली, मला वाचून दाखवली, आणि बदली होऊन निघून गेले. जाताना गल्लीभर सांगून गेले, माझी बायको कादंबऱ्या वाचते. शुक्रवारी बारा बायका ओट्यावर येऊन बसल्या. मी काय करणार होते?"

"मग पुढचं अस्कं, सगळंच्या सगळं, तुमच्या मनाचं?"

"तर काय. पानं मात्र वेळच्या वेळी उलटत होते."

शांभवीला हसू आवरेना. मग एकदम आठवलं आणि हसू थांबलं. पुण्यालासुद्धा ठाऊक नाही असा शोध तिच्या हातात होता, आणि हातात माइक येणार होता. पण वसुमतीमावशीने आपलं सासर ज्या पानाच्या भरवशावर सोडलं, ते पान कुठे छापलेलंच नव्हतं.

"म्हणजे मावशीशी खोटं बोललात तुम्ही."

"खोटं कशाला?" वेंकूबाई म्हणाल्या. "कुसुम तिरुवैयारूला पोचली की." मग हळूच म्हणाल्या, "तू सांगणार असलीस तर आधी सांग हो. मी त्या दिवशी येणार नाही."

शांभवीने पुस्तक पुन्हा पाल्यात ठेवलं.

रविवारी मंडळाच्या कार्यक्रमाला वेंकूबाई आल्या, पण दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. पुढच्या रांगेत वसुमतीमावशी. शांभवीने माइक धरला.

"या दोन्ही कादंबऱ्यांत सुना फार हुशार आहेत," ती म्हणाली. "दोनशे पानं त्या मान वर करून बोलतात. पण सुनेला उंबऱ्याबाहेर काढल्यावर ठेवायचं कुठे, हे दोन्ही लेखकांना सुचलेलं नाही. पुण्याच्या छापात एकीला विहीर मिळते, दुसरीला ताप. आपल्या गल्लीत ऐकलेल्या कादंबरीत एकीला गाणं मिळतं, दुसरीला खाणावळ. यातली मूळ कुठली हे मला विचारू नका. सरस कुठली ते सांगते. आपली."

अनिरुद्धरावांनी चष्मा पुसला. दाराजवळची खुर्ची कुरकुरली.

"मग ते शेवटचं पान वाच की गे," वसुमतीमावशी म्हणाली. "पन्नास वर्षं झाली ऐकून."

शांभवीने खाली पाहिलं. हातात नवीकोरी प्रत, पान दोनशे बारा, आणि त्यात विहीर. जिला अक्षर न् अक्षर येत होतं, तिला आज अक्षरांवरून नजर उचलायची होती.

"कुसुमने पाऊल टाकलं," तिने सुरुवात केली, "तशी होडी गोल फिरली. नावाडी म्हणाला, बाई, मागे बघू नका, चक्कर येईल."

वसुमतीमावशीचे ओठ तिच्या अर्धा शब्द पुढे हलत होते. शांभवी त्या ओठांकडे बघत वाचत गेली. नदी आली, घाट आला, तंबोरा आला. मध्येच तिने दाराकडे पाहिलं. वेंकूबाई मांडीवरचं एक बोट हलकेच उलटं करून खुणावत होत्या.

शांभवीने लगेच पान उलटलं.