पोत्याची दुसरी बाजू

काल्याचं कीर्तन संपत आलं. लाह्या वाटायच्या आधी बुवांनी एका डॉक्टरीणबाईंना पुढं बोलावलं. बाई म्हणाल्या, "छातीत गाठ असली तरी पुष्कळदा दुखत नाही. दुखायची वाट बघू नका, दवाखान्यात दाखवून जा." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या शेजारची हरणाबाई मात्र म्हणाली, "साळू, न दुखणारं दुखणं कळतंय तरी कसं गं? चल, बघू."

आम्ही दोघी सांगलीच्या बाजारात फाटकी पोती दाभणानं शिवायचो. हरणा मूळची माण तालुक्यातली. तिला शंका फार. भर कीर्तनात बुवांनाही विचारायची, आणि बुवा कौतुकानं सांगायचे.

तपासणीत तिच्या डाव्या छातीत तुरीएवढी गाठ लागली. बाईंनी बारीक पोकळ सुई घालून आतलं थेंबभर ओढून काचेवर पसरलं. कापण्याऐवजी सुईनं कितपत नेमकं कळतं, ते आम्ही ताडून बघतोय, म्हणाल्या. आठवड्यानं निकाल आला. काही वाईट नाही.

मी विठ्ठलाला हात जोडले. हरणा उठेना.

"बाई, ही सुई आमच्या व्यापाऱ्याच्या नळीवाणी हाय न्हवं? पोतं न उसवता खुपसायची, आतली जवारी हातावर घ्यायची."

"अगदी तशीच."

"पर त्यो तीन जागंला खुपसतोय. कीड एका कोपऱ्यात असती. तुमी एकाच जागंला खुपसली."

मी तिचा पदर ओढला. "आगं, देवानं सोडलंय, तू कशाला धरून बसतीस?"

"देवानं सोडलं का सुईनं चुकवलं, तेवढंच इचारतीया."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. गाठ दोन बोटांत धरून त्यांनी आणखी दोन बाजूंनी सुई घातली. मी नाम घेत होते. हरणा टक लावून सुईकडं बघत होती.

पुढच्या आठवड्यात बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "हरणाबाई, एका बाजूला कीड निघाली. गाठ लहान आहे, वेळेत सापडली. पण आता कापावं लागेल."

माझ्या तोंडातलं नाम तिथंच थांबलं. हरणानं बाईंच्या बोटांकडं बघितलं.

"कापल्यावर शिवणार कोण?"

"मीच."

"मग टाका बारीक घाला," हरणा म्हणाली. "मी बघणार हाय."