काडेपेटीसकट निघालेलं घड्याळ

“सर, मैंने घड़ी बनाई है. स्कूल के कंप्यूटर पर लगाऊँ?”

मित्रांनो, भरवर्गात हे विचारायची पैज देवयानीने वर्गमैत्रीण सुनयनाशी लावली होती. “हिंमत आहे का, यार?” आणि सुनयना चक्क उभी राहिली! सक्सेना सरांनी चष्मा वर सरकवला. “सोमवार को दिखाओ. प्रदर्शनी में सबसे आगे रखेंगे. पर चलनी चाहिए, बिल्कुल.”

ते घड्याळ म्हणजे मी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालणारा प्रोग्राम. तसा मी फार जुना नाही, एका उन्हाळी सुट्टीत जन्मलो. मला काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसत्या दिव्यांच्या उभ्या रांगा. प्रत्येक रांगेत खालून वर किमती एक, दोन, चार, आठ. पहिली रांग तासांची, पुढच्या दोन मिनिटांच्या दोन आकड्यांच्या; एकेका रांगेतल्या पेटलेल्या दिव्यांची बेरीज केली की वेळ कळते. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये, बाबांनी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेल्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर सुनयनाने मला लिहिलं. आई पोळ्या लाटता लाटता डोकवायची. “चार नि दोन, सहा! अगं बाई, दूधवाला येईल.” सुभेदार असलेले बाबा मात्र म्हणायचे, “छान आहे खेळणं. अकरावीला कॉमर्सच घ्यायचं हं.” सुनयनाला हवा होता कॉम्प्युटर हा विषय. ते ‘खेळणं’ आम्हां दोघांनाही टोचायचं.

सोमवारी फ्लॉपीत बसून मी थाटात शाळेत गेलो. सरांनी फ्लॉपी सरकवली आणि पडद्यावर एकच ओळ आली : एक फाइल सापडत नाही. एक दिवा म्हणून लागेना! ज्या मदतनीस फाइलच्या जोरावर मी चालायचो, ती घरच्या कॉम्प्युटरवर आधीपासूनच होती. ती सोबत न्यावी लागते, हे मलाच ठाऊक नव्हतं, तर सुनयनाला कुठून असणार?

“सेल डलवा ले!” मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदून हसला. सर एवढंच म्हणाले, “शनिवार तक ठीक करो.”

त्या संध्याकाळी शेजारच्या सुनंदाकाकूंकडे बांधाबांध चालली होती. झाशीला बदली. आई मदतीला गेली होती, सोबत सुनयना आणि तिच्या हातातल्या फ्लॉपीत मी. फौजी घरात नव्या गावातल्या पहिल्या रात्रीची ट्रंक वेगळी भरतात : स्टोव्ह, रॉकेलची बाटली, पातेलं, चहा-साखर, अंथरूण. ती भरली की आईची परीक्षा ठरलेली. “भावजी, आता घरातलं काहीही न घेता चहा करून दाखवा.”

काकूंच्या यजमानांनी, खंडेरावकाकांनी, ऐटीत ट्रंकेतला स्टोव्ह काढला, रॉकेल भरलं, पिन मारली. मग इकडेतिकडे बघू लागले.

“काडेपेटी?” आईने विचारलं.

“वहिनी, ती काय, कुठेही मिळते!”

“अनोळखी गावात, अंधारात? तिथे काहीच नाही असं धरूनच भरायचं असतं, भावजी.”

कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली सुनयना ताडकन उठली. “आई, माझीपण काडेपेटीच राहिली!”

मग तिने माझी ट्रंक भरली. मदतनीस फाइल, दिव्यांची चित्रं आणि प्रत्येक वस्तू आपापल्या जागी लावणारा छोटासा प्रोग्राम. चहाची परीक्षाही झाली. देवयानीचं कुटुंब नुकतंच गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये गेलं होतं. तिथे कोरा करकरीत कॉम्प्युटर, प्लास्टिकही न काढलेला. फ्लॉपी घालून देवयानीने एक बटण दाबलं. सुनयना हात मागे बांधून उभी.

दिवे लागले!

“चल गई, यार!” दोघींनी अशा उड्या मारल्या की काय सांगू. खालच्या मजल्यावर अजून कुणी राहायला आलं नव्हतं म्हणून बरं.

शनिवारी प्रदर्शनात सरांनी स्वतःच्या हाताने मला एकेका कॉम्प्युटरवर बसवलं. लॅबभर मीच मी! ‘सेल डलवा ले’ म्हणणारा मुलगा बोटांवर बेरजा करत होता. आईबरोबर बाबाही आले. बाबांनी वाकून दिवे मोजले. “आठ नि दोन... दहा.” मग मनगटाकडे पाहिलं. त्यांचं घड्याळ मागे पडलं होतं. मित्रांनो, ज्या घड्याळावर अख्खी तुकडी परेडला उभी राहते, ते त्यांनी माझ्यावरून लावून घेतलं!

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणालाही परक्या घरी धाडाल, तर तिथे सगळं असेलच असं समजू नका. त्याची काडेपेटी त्याच्यासोबत द्या.

शाळेच्या फाटकाशी सुनयना थांबली. मी तिच्या दप्तरात होतो.

“आई, बाबा, अकरावीला मी कॉम्प्युटर घेणार. विचारत नाहीये हं, सांगतेय!”